लाल फडक्यातली खिरापत

"यंदा या पोरींच्या तोंडून 'हरलो' वदवून घेतलं नाही, तर पुढच्या वर्षी भुलाबाईच मांडणार नाही!" अनसूयाबाई खोलापूरकरांनी मातीच्या भुलाबाईसमोर हात जोडून असं ठणकावून सांगितलं, आणि वर शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याकडे, भुलोजींकडेही एकदा डोळे वटारून पाहिलं. देव बिचारे काय बोलणार? अकोल्यात भाद्रपदातल्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत ते घरोघर बसलेले असतात आणि बायकांच्या शपथा ऐकून घेतात.

भुलाबाई म्हणजे पोरींचं राज्य. संध्याकाळ झाली की गल्लीतल्या साऱ्या पोरी टिपऱ्या घेऊन या घरातून त्या घरात जायच्या, गाणी म्हणायच्या, आणि गाणी संपली की घरची बाई झाकणाचा डबा आणून मधे ठेवायची. आत काय खिरापत आहे ते पोरींनी ओळखायचं. डबा हलवा, वाजवा, नाक लावून हुंगा. उघडायचा मात्र नाही. ओळखलं तर बाई हरली. नाही ओळखता आलं तर पोरींनी एका सुरात 'हरलो' म्हणायचं, आणि मग ती बाई कोजागिरीपर्यंत नळावर नाक वर करून फिरायची. अनसूयाबाईंचं नाक लग्न होऊन बाळापुराहून आल्यापासून खालीच होतं. काहीही करा, त्यांचा डबा ओळखला जायचाच.

त्यातून शालू मोघे गल्लीत आली. द्वैभाषिक राज्य झालं आणि पुण्याकडचे साहेबलोक वऱ्हाडात बदलून यायला लागले, त्यातच मोघे मॅजिस्ट्रेट आले. साहेबांना इथलं बोलणं ऐकून पहिले काही महिने सगळे आपल्यावर रागावलेत असंच वाटायचं. त्यांची शालू मात्र आल्या वर्षीच 'मले-तुले' करायला लागली आणि खिरापत ओळखण्यात गल्लीची म्होरकी होऊन बसली. गेल्या वर्षी अनसूयाबाईंनी मोठ्या हुशारीनं बत्तासे रव्यात पुरून ठेवले होते. शालूनं डबा एकदा कानाशी हलवला आणि म्हणाली, "बत्तासे. रव्यात." वर आणखी विचारलं, "काकू, रवा पण खायचा का?"

शेजारच्या दुर्गाबाई तेव्हा पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. "अनसूये, तू आपली ताटलीतच देत जाय माय. डब्याले कायले तरास देतं?" हे वाक्य अनसूयाबाईंच्या काळजात वर्षभर रुतून बसलं होतं.

तर यंदा त्यांनी गोडंबीचे लाडू करायचे ठरवले. बिब्याच्या आतला गर म्हणजे गोडंबी. ती काढायची तर हाताला फोड येतात, म्हणून माहेराहून सोललेली मागवली. हा थंडीतला पदार्थ, आश्विनात कोणाच्या मनात येणार? आणि आवाजाचा बंदोबस्त म्हणून त्यांनी जिनिंगच्या कारखान्यातून सरकी काढलेला कापूस आणवला. एकेक लाडू कापसात असा लपेटला की डबा उलटापालटा केला तरी हूं की चूं नाही.

आता डबा लपवायचा कुठे? शालू दुपारीच विरजण मागायच्या मिषानं येऊन सगळं स्वयंपाकघर हुंगून गेली होती. अनसूयाबाईंची नजर नवऱ्याच्या बैठकीतल्या कपाटाकडे गेली. तिथं हरिहरपंतांची खटल्यांची दप्तरं लाल फडक्यात बांधून ठेवलेली असत आणि त्या बाजूला कोणी फिरकत नसे. बाईंनी बिस्किटांचा चौकोनी डबा लाल फडक्यात बांधला, दप्तरासारखी गाठ मारली आणि कपाटात सरकवून दिला. कोणीही म्हणावं, हा खटलाच आहे!

इकडे हरिहरपंत वकील वेगळ्याच पेचात होते. हा माणूस मुळात खेळाचा वैरी. पत्ते दिसले की यांच्या कपाळाला आठी. मेव्हण्यानं हौसेनं कॅरमबोर्ड पाठवला, तर यांनी त्यावर पापड वाळवायला लावले. आणि नेमका यांच्याकडेच खेळाचा खटला आला. अकोटाकडच्या एका खेड्यातले नत्थुजी आणि त्यांचे सोबती मारुतीच्या ओट्यावर चौसर खेळत होते. तिकडून एक शिपाई चालला होता. त्यानं आरडाओरडा ऐकला आणि जुगार म्हणून सगळ्यांना उचलून नेलं. पैशाशिवाय माणूस इतका ओरडतच नाही, असं त्याचं म्हणणं.

"वकीलसाहेब, आमी चिंचोके लावून खेळत होतो हो," नत्थुजी कळवळून सांगत होते. "आता घरात चाललेली सोगटी कोणी मारली, तं माणूस वरडन नाही तं काय भजन म्हणन?"

कोर्टाला दाखवण्यासाठी नत्थुजींनी चौसराचं सगळं सामान, म्हणजे लाकडी सोंगट्या, कवड्या आणि ते चिंचोके, धोतराच्या सोग्यात बांधून आणलं होतं. वकिलांनी बायकोला हाक मारली, "एखादा डबा दे वं." बायकोनं बिस्किटांच्या जोडीतला दुसरा डबा दिला. वकिलांनी तो लाल फडक्यात बांधला, दप्तरासारखी गाठ मारली आणि कपाटात ठेवला. पुढचं महाभारत कसं घडलं ते मी सांगायची गरज नाही. पण सांगितल्याशिवाय मला राहवणारही नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी वकिलांनी भाषणाची तालीम बायकोसमोर केली. "खेळ ही माणसाची फार जुनी भूक आहे. जमिनीखाली गाडलेली जुनी शहरं उकरली, तर त्यात पोरांच्या मातीच्या गाड्या निघाल्या. चाकासकट! आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल मिरवतात. खेळ नसेल तर माणूस आणि जातं यात फरक काय?"

अनसूयाबाई भाजी निवडता निवडता थांबल्या. "हे तुमी बोलून राहिले?"

"मग कोण?"

"मग कॅरमवर पापड काहून घालाले लावले मले?"

"ते घर आहे. हे कोर्ट आहे," वकील म्हणाले आणि बैठकीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई देवपूजेत असताना वकिलांनी कपाट उघडलं, हाताला लागलं ते लाल गाठोडं उचललं आणि टांग्यात बसले. गाठोडं मुळीच वाजलं नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. पण मनात भाषण घोळत असलं की वकिलाला कान नसतात.

कोर्टात हरिहरपंत असे रंगले की विचारू नका. कैलासावर शंकर-पार्वती सारीपाट मांडून बसत, इथपासून त्यांनी सुरुवात केली. सरकारी वकील मधेच उठून म्हणाले, "आणि पांडवांचं काय झालं तेही सांगा की!"

"पांडवांचा खटला या कोर्टापुढे नाही!" हरिहरपंत गरजले. पिंजऱ्यातल्या नत्थुजींना हे इतकं आवडलं की त्यांनी मान डोलावली.

मोघेसाहेब मात्र पेन्सिल गालाला लावून बसले होते. "वकीलसाहेब, खेळाचं महत्त्व कळलं. त्याचा इतिहासही कळला. पण माझी अडचण साधी आहे. चिंचोक्यांसाठी शहाणीसुरती माणसं एवढी ओरडतील, हे मला पटत नाही. रस्त्यावर ऐकू जावं इतकं?"

"साहेब, ते चिंचोकेच मी आत्ता आपल्यापुढे ठेवतो," हरिहरपंत म्हणाले. त्यांनी फडकं सोडलं, झाकण काढलं आणि साऱ्या कोर्टाकडे पाहत, डब्याकडे न पाहता, डबा टेबलावर उलटा केला.

कापसाचा एक मोठा पुंजका भसकन बाहेर आला. त्याच्या मागोमाग लाडू आले. त्यातला एक गडगडत साहेबांच्या दौतीपाशी जाऊन थांबला.

पिंजऱ्यातून नत्थुजींचा आवाज आला, "वकीलसाहेब, हे माहे चिंचोके नाहीत हो!"

"म्हणजे लाडू लावून जुगार चालला होता तर," सरकारी वकील म्हणाले, आणि सगळं कोर्ट फुटलं. पट्टेवालासुद्धा भिंतीकडे तोंड करून हसला.

मोघेसाहेबांनी चष्मा चढवला. "काय आहे हे?"

"गोडंबीचे लाडू, साहेब."

"कापसात?"

"घरी... म्हणजे घरी अशी पद्धत आहे, साहेब," हरिहरपंत कसंबसं म्हणाले. गोडंबीचे लाडू घरी कशासाठी चालले होते, हे त्यांना आता कुठं आठवलं.

साहेबांनी खरं सामान दुसऱ्या दिवशी हजर करायला सांगितलं आणि काम तहकूब केलं. वकिलांनी लाडू पुन्हा कापसात गुंडाळले. मनात हिशेब केला, पाच वाजता कोर्ट उठेल, पोरी दिवेलागणीला येतात, तोवर गुपचूप डब्यांची अदलाबदल करून टाकू. बायकोला कळायलाच नको. पण मोघेसाहेब मधल्या सुट्टीत जेवायला घरी गेले, आणि पुण्याचा माणूस झाला तरी इतकी मजेदार गोष्ट पोटात ठेवून जेवेल कसा? त्यांनी ती आमटीचा भुरका मारता मारता बायकोला हसत हसत सांगितली. समोर शालू बसली होती. तिचा घास हातातच राहिला. मग तिनं शहाण्या मुलीसारखी आणखी एक पोळी मागून घेतली आणि अवाक्षर बोलली नाही.

पाच वाजता हरिहरपंत डबा काखोटीला मारून निघाले, तर पट्टेवाला आडवा आला. "साहेबांनी चेंबरमंदी बोलावलं."

"आत्ता?"

"आत्ताच. आन् डबा संगं आणा म्हणाले." मॅजिस्ट्रेटनं बोलावलं तर वकिलानं नाही कसं म्हणायचं? हरिहरपंत आत गेले आणि मागे दार बंद झालं.

दिवे लागले. पोरी आल्या. गाणी झाली, टिपऱ्या झाल्या. ओसरीत दुर्गाबाई आणि आणखी चार बायका खास गंमत पाहायला येऊन बसल्या होत्या. अनसूयाबाई ठसक्यात उठल्या, बैठकीतलं लाल गाठोडं उचललं आणि ओसरीत येता येता म्हणाल्या, "हलवा गं पोरींनो, पाहिजे तेवढा हलवा. आवाज आला तं नाव बदलून ठेवा माहं!"

आणि गाठोडं खडखडलं.

बाई जागच्या जागी थिजल्या. लाडू खडखडतात? कापसात? एका दिवसात दगड झाले की काय? परत जाऊन पाहावं तर तेही शक्य नव्हतं. भुलाबाईसमोर आणलेला डबा ओळखण्याआधी मागे न्यायचा नाही, उघडायचा तर मुळीच नाही. पोरींनी तो हातातून ओढूनच घेतला.

"खडखड, खडखड!" पोरी नाचायला लागल्या. "फुटाणे!"

"नाही," बाई म्हणाल्या.

"शेंगदाणे!"

"नाही."

"खारका! साखरफुटाणे! सुपाऱ्या!"

"नाही, नाही, नाही." पण प्रत्येक 'नाही'ला बाईंचा आवाज बारीक होत चालला होता. खारका म्हटल्यावर त्यांनाही क्षणभर वाटलं, खारका असतील का? डबा ठेवणारी बाईच मनातल्या मनात खिरापत ओळखत बसली आहे, असं वऱ्हाडात याआधी झालं नसेल. कोपऱ्यातली लहानगी अनुपमा म्हणाली, "काकू, तुमाले तरी माहीत आहे का?" आणि बाईंना दरदरून घाम आला.

शालूनं मात्र डब्याला हात लावला नव्हता. ती हाताची घडी घालून उभी होती. सगळ्यांचं संपल्यावर ती म्हणाली, "गोडंबीचे लाडू. कापसात बांधलेले."

पोरी खो-खो हसल्या. "येडी झाली का वं? कापसात लाडू वाजतात काय?"

"वाजू दे. मले माहीत आहे."

अनसूयाबाईंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. आता बोलायचं काय? हो म्हणावं, तर हरले. नाही म्हणावं, तर समोर भुलाबाई बसली आहे. वर्षभर ज्याच्यासाठी जीव टांगला, ते पुन्हा गेलं. त्यांचे डोळे भरून आले. "घे माय, तूच जिंकली," असं म्हणत त्यांनी झाकण काढलं.

आत चिंचोके होते. त्यांच्यात कवड्या होत्या, आणि लाल-हिरव्या सोंगट्या.

कोणालाच काही कळेना. सगळ्यांत कमी अनसूयाबाईंना. दुर्गाबाईंना मात्र वाचा फुटली. "अनसूये, कवड्यांची खिरापत? पोरींचे दात पाडतं काय?"

शालूनं पाय आपटले. "असं कसं? बाबांनी लाडू पाहिले! कोर्टात पाहिले! वकीलकाकांनी टेबलावर सांडले म्हणे!"

"कोर्टात?" बाई म्हणाल्या. मग सोंगट्यांकडे पाहिलं. मग बैठकीतल्या कपाटाकडे. "अस्सं!"

मग जो गलका झाला! एक पोरगी म्हणते काकू हरल्या, दुसरी म्हणते शालू हरली. तिसरी म्हणते, खायची वस्तू नाही, डाव मोडला. दुर्गाबाई म्हणाल्या, शालूनं चोरून ओळखलं. शालू रडकुंडीला येऊन ओरडायला लागली, तिच्या वरताण अनसूयाबाई. गल्लीच्या तोंडाशी मोघेसाहेब आणि हरिहरपंत चालत येत होते, ते तिथंच थबकले.

"काय हो, मारामारी झाली की काय कुठं?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. आमच्याच घरचा आवाज आहे. खिरापत."

"खाऊसाठी एवढा ओरडा?"

"खाऊसाठी नाही हो साहेब, डब्यासाठी," वकील म्हणाले. साहेबांनी चालता चालता मान हलवली, ती पटल्यासारखी हलवली. नत्थुजींचं काम तिथंच झालं म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टात फक्त निकाल वाचायचा राहिला.

दोघं ओसरीत आले तशी पोरी गप्प झाल्या. हरिहरपंतांनी डबा पाठीमागे धरला होता. अनसूयाबाईंनी हात पुढे केला. वकिलांनी तो बायकोच्या हातात दिला आणि ते खांबाआड सरकले.

बाईंनी डबा हातात तोलला. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आढ्याकडे पाहत होता. साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या काळ्या कोटाला कापसाचा पुंजका चिकटला होता आणि ते घाईघाईनं मिशी पुसत होते. बाईंच्या तोंडावर हळूहळू असं हसू पसरलं की दुर्गाबाईंनाही ते कळेना. आज दिवसभरात पहिल्यांदाच, डब्यात काय आहे ते बाईंना ठाऊक होतं.

त्यांनी डबा भुलाबाईसमोर ठेवला. "मागचा डाव मोडला. हा खरा. ओळखा आता."

"यात काय ओळखायचं?" शालू डोळे पुसत म्हणाली. "गोडंबीचे लाडू."

"पक्कं?"

"पक्कं!"

"साऱ्याजणी म्हणता?"

"साऱ्याजणी!"

"एकही लाडू निघाला नाही, तं 'हरलो' म्हणसान? मग कुरकुर नाही चालाची."

"म्हणू! दहा वेळा म्हणू!"

"अगं, पण ऐक तर," हरिहरपंत खांबाआडून पुढे आले. "शालू, बाळ, जरा थांब," मोघेसाहेबही म्हणाले.

"तुमी दोघं मधे बोलू नका," अनसूयाबाई कडाडल्या. "हे कोर्ट नाही. हे घर आहे." दोन्ही साहेब मुकाट्यानं मागे सरले. बाईंनी झाकण काढलं आणि डबा उलटा केला. कापूस पडला. नुसता कापूस. पोरींनी तो पिंजून पिंजून पाहिला, अनुपमानं तर डब्यात डोकं घातलं, पण लाडवाचा कण सापडला नाही.

"म्हणा," बाई म्हणाल्या.

शालूनं कापूस पुन्हा एकदा चाचपून पाहिला. पण पोरगी सच्ची. ती पहिली म्हणाली, "हरलो." मग सगळ्या म्हणाल्या, "हरलो! हरलो! हरलो!" आणि अनसूयाबाई मटकन खाली बसल्या, पदर डोळ्यांना लावला आणि हमसून हमसून रडल्या. इतका आनंद त्यांना लग्नातसुद्धा झाला नव्हता, असं त्यांनीच नंतर दुर्गाबाईंना सांगितलं.

"पण लाडू गेले कुठं?" अनुपमानं विचारलं.

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. मोघेसाहेबांनी खाकरून सुरुवात केली. "त्याचं असं झालं, की गोडंबी म्हणजे काय, हे आम्हा पुणेकरांना माहीत नाही. म्हटलं एक चाखून पाहावा. न्यायाच्या दृष्टीनं."

"आणि साहेब एकटे कसे खाणार," हरिहरपंत म्हणाले. "मग खेळावर बोलणं निघालं. साहेब लहानपणी विटीदांडू खेळत. बोलता बोलता डबा..."

"बाबा!" शालू किंचाळली. "तुम्ही खाल्ले आणि मी हरले!"

साहेबांची मान खाली गेली. एवढा मोठा मॅजिस्ट्रेट, पण पोरीसमोर त्यांना बचाव सुचेना, आणि शेजारी वकील उभा असून उपयोग नव्हता.

अनसूयाबाईंनी डोळे पुसले, उठल्या आणि रिकामा डबा नवऱ्याच्या हातात ठेवला. "पोरींना खाऊ पाहिजे ना आता? जा दोघंही बाजारात. काय आणाचं ते तुमीच ठरवा. आन् मले सांगू नका." मग त्या पोरींच्या रिंगणात मांडी घालून बसल्या, शालूला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "यंदा मीपण ओळखणार आहे."

त्या संध्याकाळी अकोल्याच्या बाजारात हलवायाच्या दुकानासमोर दोन काळे कोट बराच वेळ उभे होते.

"पेढे घेऊ," वकील म्हणाले.

"छे! वासावरून कळेल तिला," साहेब म्हणाले.

"मग शेव?"

"शेव वाजते हो! तुमचं लक्ष कुठं आहे?"

हलवायानं फळ्या लावायला घेतल्या, तरी दोघांचं ठरत नव्हतं.